लहान बेट आणि घरची भाषा



आजच्या या महोत्सवदिनी आम्ही आपणांपुढे एका लहानशा बेटाचा दाखला ठेवू इच्छितो. ते बेट म्हणजे भूमध्यसमुद्रातील माल्टा. संत पौलाचे तारू फुटले असता ज्या लोकांनी शेकोटी पेटवून त्याचा स्वीकार केला, त्यांचेच हे बेट. शेजारची बेटे धरूनही त्या देशाचे क्षेत्रफळ अवघे ३१६ चौरस किलोमीटर आहे. लोकवस्ती ५ लाखांहून अधिक.

एवढ्याशा भूमीवर तीन भाषांची गाठ पडली. न्यायालयांत व विद्वज्जनांत इटालियन, १८०० सालापासून नव्या राज्यकर्त्यांची इंग्रजी, आणि शेतात, होडीवर व चुलीपाशी माल्टी. ही माल्टी अरबी कुळातील. परंतु तिने रोमन लिपी धारण केली. देवास ती ‘आल्ला’ म्हणते आणि प्रायश्चित्तकाळास ‘रनदान’. शब्द अरबी मुळाचे, श्रद्धा मात्र कॅथोलिक!

इटालियन श्रेष्ठ की इंग्रजी, असा वाद थोरामोठ्यांत दीर्घकाळ चालला. घरची भाषा मात्र अडाण्यांची म्हणून हिणवली गेली. तिला मान मिळवून देणाऱ्यांत एक धर्मगुरू अग्रभागी होते. ‘डुन कार्म’ या नावाने परिचित असलेले हे कवी (१८७१–१९६१) प्रथम इटालियन भाषेत काव्य करीत. १९१२ पासून ते माल्टीकडे वळले. त्यांनी रचलेले प्रार्थनागीत हेच त्या देशाचे राष्ट्रगीत होय. १९३४ साली माल्टी ही इंग्रजीच्या जोडीने राजभाषा झाली, आणि २००४ साली युरोपीय संघातही तिला अधिकृत स्थान लाभले. इंग्रजीही तेथून गेली नाही. मुले दोन्ही भाषा शिकतात.

यावरून आम्ही काय बोध घ्यावा? परकी भाषा शिकल्याने घरची भाषा मरत नाही. तिची लाज वाटू लागली म्हणजे ती मरू लागते. फादर स्टीफन्स हे जातीने इंग्रज. तरी त्यांनी गोव्यात मराठीत ख्रिस्तपुराण रचले व ते १६१६ साली छापले गेले. परक्यास जी भाषा प्रभूच्या चरित्रास योग्य वाटली, ती आमच्या लेकरांस अपुरी का वाटावी?

आईबापहो, मुलांस इंग्रजी अवश्य शिकवा. तीवाचून आज चालावयाचे नाही. परंतु सायंकाळची रोझरी आजीला कळेल अशा शब्दांतच होऊ द्या. जिने आपणांस क्रुसाची खूण करण्यास शिकविले, तिनेच आपल्या घरच्या प्रार्थनेत मुकी बसावे, असे न होवो.

प्रभू आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.