उन्हाळी, अवटू आणि पुनरावृत्तीची नोंद

कर्जत आणि खालापूर या तालुक्यांत लघवीच्या जळजळीला ‘उन्हाळी लागणे’ म्हणतात, आणि या एका शब्दात दुखण्याचे कारण, त्यावरचा उपाय आणि त्याची मुदत या तिन्ही गोष्टी आधीच ठरलेल्या असतात: ऊन बाधले म्हणून आग झाली, धण्या-जिऱ्याचे पाणी किंवा भिजवलेला सब्जा पोटात गेला की ती शमेल, आणि ऋतू पालटला की दुखणे जाईल. हा शब्द जुना आहे, अनुभवातून आलेला आहे, आणि पाणी कमी पडल्याने लघवी गडद होऊन आग होते एवढ्यापुरता तो खराही आहे. परंतु जिला वैशाखात उन्हाळी लागते, मग आषाढात गुडघाभर चिखलात भाताची लावणी करतानाही लागते, आणि दिवाळीच्या थंडीत पुन्हा लागते, त्या बाईच्या दुखण्याला हा शब्द पुरत नाही. प्रत्येक वेळी ‘उन्हाळी’ म्हटल्याने प्रत्येक वेळचे दुखणे सुटे राहते, आणि ते पुन्हा पुन्हा होते आहे हीच जी त्यातली सर्वांत महत्त्वाची माहिती, ती कोणाच्याच हाती लागत नाही. कळंब येथील या परिषदेपुढे अध्यक्षपदावरून मांडावयाचा विषय त्या पुनरावृत्तीचा आहे, आणि तिच्या अनेक संभाव्य कारणांपैकी ज्याकडे सहसा लक्ष जात नाही अशा एका कारणाचा, म्हणजे मंदावलेल्या अवटू ग्रंथीचा आहे.

सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षभरात तीनदा मूत्रसंसर्ग झाला, तर त्याला वारंवार होणारा संसर्ग म्हणावे, अशी वैद्यकात रूढ व्याख्या आहे. व्याख्या सोपी असली तरी ती लागू करण्यासाठी कोणीतरी मोजत असावे लागते. कळंब परिसरातल्या वाडीवरची बाई पहिल्या वेळी जवळच्या दवाखान्यातून तीन दिवसांच्या गोळ्या आणते, दुसऱ्या वेळी नेरळला गेलेली असताना तिथल्या औषधाच्या दुकानातून त्याच गोळ्या मागून घेते, तिसऱ्या वेळी ताप चढल्यावर कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात जाते आणि चौथ्या वेळी बदलापूरला माहेरी असते. चार दारांपैकी प्रत्येक दारात ते दुखणे पहिलेच ठरते, आणि पहिल्याच दुखण्याची कोणी मुळापासून तपासणी करीत नाही, जे एका अर्थी योग्यही आहे.

अवटू ग्रंथी, जिला सर्वजण थायरॉईड म्हणूनच ओळखतात, ती गळ्याच्या पुढच्या भागात श्वासनलिकेवर फुलपाखरासारखी पसरलेली असते आणि आयोडीनपासून टी-४ व टी-३ ही संप्रेरके तयार करते. शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी किती वेगाने काम करील हे या संप्रेरकांवर अवलंबून असते. ती कमी पडू लागली की मेंदूच्या तळाशी असलेली पियूषिका ग्रंथी टीएसएच हे दुसरे संप्रेरक अधिक सोडून अवटूला कामाला लावू पाहते, म्हणून रक्तातले टीएसएच वाढलेले आढळणे ही अवटू मंदावल्याची सर्वांत लवकर दिसणारी खूण ठरते. थकवा, थंडी न सोसणे, कोरडी त्वचा, वाढते वजन, बिघडलेली पाळी आणि बद्धकोष्ठ ही तिची लक्षणे इतकी सर्वसाधारण आहेत की राबणारी बाई ती आपल्या कष्टांच्या खाती टाकून मोकळी होते. रायगडच्या किनाऱ्यावर उरण-पेणकडे मिठागरे असली तरी आयोडीन त्या मिठात मूळचे नगण्यच असते, ते वरून मिसळावे लागते, आणि खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यावरची बंदी देशभर २००६ पासून पुन्हा लागू आहे. मात्र आयोडीनची उणीव हे आज या आजाराचे मुख्य कारण राहिलेले नाही. १९१२ मध्ये जपानी शल्यविशारद हकारू हाशिमोतो यांनी वर्णन केलेला आजार, ज्यात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच अवटूवर उलटते, तो आता बहुतेक रुग्णांत कारणीभूत असतो. त्यात गळ्यावर गाठ दिसेलच असे नाही, म्हणून गाठ नाही एवढ्यावरून थायरॉईड ठीक आहे, असे मानणे चुकीचे ठरते.

आता मूळ प्रश्न असा की, गळ्यातली ग्रंथी मंदावल्याने ओटीपोटातल्या मूत्राशयात जंतू का वाढावेत. स्त्रीचा मूत्रमार्ग सुमारे ४ सेंटिमीटर लांबीचा, तर पुरुषाचा सुमारे २० सेंटिमीटरचा असल्याने आतड्यातील ई. कोलाय हे जंतू स्त्रीच्या मूत्राशयापर्यंत सहज पोहोचतात. ते पोहोचणे नित्याचे आहे. त्यांना तिथे टिकू न देणारी पहिली तटबंदी म्हणजे लघवीचा प्रवाह, आणि तिचे मोल साध्या हिशेबाने कळते. मूत्राशयात ४०० मिलिलिटर लघवी आहे आणि ती करून झाल्यावर आत केवळ १० मिलिलिटर उरली असे धरले, तर जंतूंची संख्या एका फटक्यात चाळिसाव्या हिश्शावर येते. जंतू दर अर्ध्या तासाला दुप्पट होतात असे मानले, तर पूर्वीच्या संख्येवर येण्यास त्यांना अडीच तासांहून अधिक वेळ लागतो, आणि तेवढ्यात पुन्हा लघवी झाली तर त्यांची वाढ कधीच जम धरीत नाही. तेच आत १०० मिलिलिटर लघवी उरली, तर जंतू चौथ्या हिश्शावरच येतात आणि एका तासात मूळ संख्येला पोहोचतात. ही जी आत उरणारी लघवी, जिला अवशिष्ट मूत्र म्हणतात, तीच संसर्गाचे बियाणे राखून ठेवते.

मूत्राशय रिकामे होते ते त्याच्या भिंतीतील स्नायूच्या आकुंचनाने, आणि ते भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत जाते ती मज्जातंतूंवाटे. अवटू मंदावल्यावर शरीरातले स्नायू आणि मज्जातंतू दोन्ही सुस्तावतात, हे हातापायांत सहज दिसते. घोट्याजवळच्या शिरेवर हातोडी मारली की पाऊल झटक्याने हलते पण संथपणे मागे येते, ही खूण वैद्यकाच्या विद्यार्थ्याला शिकवलेली असते. आजार अगदी विकोपाला गेलेल्या अवस्थेत, जिला मिक्सिडिमा कोमा म्हणतात, मूत्राशय शिथिल पडून लघवी तुंबते, अशी नोंद पाठ्यपुस्तकांतही आहे. टोकाच्या अवस्थेत जे ठसठशीत दिसते त्याची पुसट आवृत्ती मधल्या अवस्थेतही असू शकते, हा तर्क येथे लागू पडतो, पण तो तर्कच आहे याचे भान सोडता येत नाही. त्याला जोड मिळते ती आतड्यांची. अवटू मंदावली की आतडी मंदावतात, मलाशय भरलेले राहते, ते पुढच्या मूत्राशयावर दाब देते आणि लघवी पुरती होऊ देत नाही. बद्धकोष्ठ असलेल्या लहान मुलांत मूत्रसंसर्ग पुन्हा पुन्हा होतो आणि पोट साफ राहू लागल्यावर तो कमी होतो, हे बालरोगतज्ज्ञांना चांगले ठाऊक आहे. मोठ्यांच्या बाबतीत मात्र हा प्रश्न विचारायचा राहून जातो.

येथवरची साखळी जुळते म्हणून ती सिद्ध झाली असे होत नाही, आणि या परिषदेने याबाबत स्वतःशी कठोर राहिले पाहिजे. भारतातील आठ शहरांत, ज्यांत मुंबई आणि गोवा यांचाही समावेश होता, ५,३७६ प्रौढांची जी पाहणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत सुमारे ११ टक्के लोकांत अवटूची अल्पक्रियता आढळली, स्त्रियांत ती पुरुषांहून अधिक होती, आणि सुमारे साडेतीन टक्के लोकांना तपासणीपूर्वी तिचा पत्ताही नव्हता. मूत्रसंसर्गही स्त्रियांतच अधिक, आणि दोन्ही आजार वयाबरोबर वाढणारे. जे दोन आजार एकाच प्रकारच्या माणसांत आढळतात ते केवळ योगायोगानेही अनेकींत एकत्र सापडणारच. शिवाय मधुमेह दोहोंच्या सोबतीला येतो, आणि रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटल्याने योनीतील उपकारक जंतूंची जागा आतड्यातले जंतू घेतात. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अशा स्त्रियांना इस्ट्रोजेनयुक्त मलम दिल्यावर त्यांचे वारंवारचे संसर्ग ठळकपणे घटले होते. म्हणून पन्नाशीपुढच्या स्त्रीत अवटूचा विचार करण्याआधी या कारणाचा विचार करणे न्याय्य आहे.

याउलट दिशेचा संबंध मात्र पक्का आहे, आणि दुर्दैवाने त्याची चर्चा फार कमी होते. अवटूची गोळी कधी सुरूच न झालेल्या किंवा मध्येच बंद पडलेल्या वृद्धेला मिक्सिडिमा कोमात लोटणाऱ्या निमित्तांत संसर्ग अग्रभागी असतो, आणि त्यांत न्यूमोनियाच्या बरोबरीने मूत्रसंसर्गाचे नाव घेतले जाते. अशा वृद्धेचे शरीर इतके थंडावलेले असते की तिला ताप येतोच असे नाही. अंग गार, बोलणे जड, झोप वाढलेली, एवढेच घरच्यांना दिसते, आणि म्हातारपण म्हणून ते स्वीकारले जाते. घरी जाणाऱ्या आशाताईंनी अशा ठिकाणी लघवीची चौकशी केली, तर एखादा जीव वाचू शकतो.

या भूभागाची स्वतःची कारणे बाजूला ठेवून संप्रेरकांची चर्चा करणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल. सह्याद्रीच्या पायथ्याशी धो-धो पाऊस पडूनही फाल्गुनापासून अनेक ठाकरवाड्या आणि कातकरीवाड्यांत हंड्याभर पाण्यासाठी वणवण होते, आणि जे पाणी डोक्यावरून आणावे लागते ते बाई सर्वांत शेवटी स्वतः पिते. दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेल्या कातकरी कुटुंबातील स्त्रीला आडोसा नसतो, म्हणून ती अंधार पडेपर्यंत लघवी रोखते. कर्जतहून मुंबईला शंभर किलोमीटर लोकलने नोकरीस जाणारी स्त्रीही स्थानकावरच्या स्वच्छतागृहाच्या धास्तीने सकाळपासून पाणी टाळते. मुंबईत स्त्रियांनी २०११ पासून मोफत आणि स्वच्छ मुताऱ्यांच्या हक्कासाठी ‘राईट टू पी’ ही मोहीम उभारली, ती याच दुःखातून. पाण्याचे महत्त्व पुराव्याने सिद्ध आहे: २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, कमी पाणी पिणाऱ्या आणि वारंवार संसर्ग होणाऱ्या १४० स्त्रियांपैकी ज्या रोज दीड लिटर पाणी अधिक प्यायल्या, त्यांना वर्षात सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, तर इतरांना ३.२ वेळा. ज्या वाडीत दीड लिटर पाणी जास्तीचे मिळत नाही, तिथे टीएसएच तपासून समाधान मानता येणार नाही.

मग अवटूची तपासणी केव्हा करावी? सरसकट नव्हे. ज्या स्त्रीत संसर्गाची पुनरावृत्ती नोंदीने सिद्ध झाली आहे आणि जिला बद्धकोष्ठ, थकवा, पाळीची तक्रार किंवा लघवी पुरती न झाल्याची भावना आहे, तिची साखर आणि टीएसएच एकदा पाहावे, आणि लघवी केल्यानंतर लगेच ओटीपोटाची सोनोग्राफी करून आत किती लघवी उरते ते मोजावे. वरचा हिशेब खरा की खोटा हे त्या एका आकड्यावरून त्या रुग्णेपुरते ठरते. टीएसएच मात्र ऐन तापात तपासू नये, कारण कोणत्याही मोठ्या आजारात अवटूचे आकडे तात्पुरते बदलतात. संसर्ग बरा होऊन काही आठवडे गेल्यावर केलेली तपासणी विश्वासार्ह असते. टीएसएच किंचित वाढलेले दिसले म्हणून वृद्धेला जन्मभराची गोळी लावण्याची घाईही नको, कारण पासष्टीपुढच्या ७३७ रुग्णांच्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सौम्य अल्पक्रियतेवर दिलेल्या औषधाने लक्षणांत फरक पडला नाही, आणि मात्रा जास्त झाली तर हृदयाची लय बिघडते व हाडे झिजतात. गरोदर स्त्रीची गोष्ट वेगळी आहे. तिच्यात लक्षणांवाचून असलेला मूत्रसंसर्गही शोधून बरा करावा लागतो, आणि अवटूची उणीव बाळाच्या मेंदूच्या वाढीला बाधते, म्हणून तिथे दोन्ही तपासण्यांत हयगय परवडत नाही. त्यातच तिला मिळणारी लोहाची गोळी थायरॉईडच्या गोळीबरोबर घेतली गेली तर थायरॉईडची गोळी नीट शोषली जात नाही. उपाशीपोटी थायरॉईडची, आणि निदान चार तासांनी लोहाची किंवा कॅल्शियमची, हे सांगताना केवळ चिठ्ठीवर लिहून भागत नाही, घरातल्या चुलीच्या आणि चहाच्या वेळा विचारून सांगावे लागते.

लघवीच्या कल्चरबाबतही वेळेचे असेच भान ठेवावे लागते. कल्चर म्हणजे नमुन्यातील जंतू प्रयोगशाळेत वाढवून ते कोणते आणि कोणत्या प्रतिजैविकाला दबतात हे पाहणे. सकाळी आठला वाडीवर घेतलेली बाटली जीपच्या टपाखालच्या उकाड्यात दुपारी बाराला प्रयोगशाळेत पोहोचली, तर वाटेत वाढलेले जंतू रुग्णेच्या नावावर जमा होतात, तिला नसलेल्या संसर्गाची प्रतिजैविके दिली जातात, आणि प्रतिकारक जंतूंची पुढची पिढी तयार होते. नमुना दोन तासांत पोहोचत नसेल तर तो बर्फाच्या डब्यात जावा. लशींसाठी तसे डबे आरोग्यसेविकेला हाताळण्याची सवय आहेच, नमुन्यांसाठी मात्र वेगळा डबा राखावा लागेल.

राहिली नोंद. प्रत्येक स्त्रीच्या हाती एक साधे कार्ड असावे, ज्यावर जळजळ केव्हा झाली, कोणते औषध किती दिवस घेतले, कल्चर झाले का आणि त्यात काय निघाले, पोट साफ असते का, आणि टीएसएच कधी पाहिले, एवढेच रकाने असतील, आणि कळंबच्या, नेरळच्या, कर्जतच्या व खोपोलीच्या दवाखान्यांत ते कार्ड पाहिल्याशिवाय नवी चिठ्ठी लिहिली जाणार नाही. वैशाख, आषाढ आणि कार्तिक या तिन्ही तारखा तेव्हा एकाच कागदावर एकाखाली एक येतील, आणि त्या वाचणाऱ्याला ‘उन्हाळी’ हा शब्द लिहिण्याआधी थांबावे लागेल.