आकडा आणि आळ

इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरविले. पुढे तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. १९५२ मध्ये तो रद्द झाला, पारध्यांच्या पालावरचा संशय मात्र गेला नाही. पारध्यांत चोर नाहीत, असे कोणी म्हणू नये; ज्याचे उभे पीक गेले, त्या शेतकऱ्याला ते पटणारही नाही. पण जिथे पाळत अधिक तिथे अटका अधिक, आणि त्याच अटका पुढे साऱ्या जमातीविरुद्ध पुरावा ठरतात! तुरुंगात अमुक जमातीचे इतके, असे सांगणाऱ्याने ते शिक्षा झालेले की नुसते पकडलेले, हे आधी सांगावे. २०२२ अखेर देशातील तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते. त्यांतील ४,३४,३०२ कच्चे कैदी होते, निकालाची वाट पाहणारे.