गार, पण किती गार?



आमच्या रत्नागिरीकडे ‘अमका जहाजावर आहे’ असं म्हटलं, की तो नोकरीला आहे असंच समजतात. माझे वडील मालवाहू जहाजांवर खलाशी होते. पुतण्या प्रवासी जहाजाच्या भटारखान्यात आहे. पैसे भरून, मौजेखातर जहाजावर चढणारे आमच्या घराण्यातले पहिले आम्हीच, मी आणि माझी बायको. नोव्हेंबर २०२३ मध्ये आम्ही सिंगापूर ते दुबई अशी चौदा रात्रींची सफर केली. वाटेत पिनांग, फुकेत, कोलंबो, कोची, मार्मागोवा आणि आपली मुंबई. दृश्यं वगैरे मी सांगणार नाही, ती कवितेसाठी राखून ठेवली आहेत. आज सांगायचं आहे ते एका डब्याबद्दल.

बायकोला मधुमेह आहे. रात्री लांब पल्ल्याचं इन्सुलिन सोळा युनिट आणि तिन्ही जेवणांआधी जलद काम करणारं आठ-आठ युनिट. दोन्ही पेनातून घ्यायचं. एका पेनात तीनशे युनिट असतात, शिवाय प्रत्येक वेळी सुई तपासायला दोन युनिट वाया घालवावी लागतात. हिशेब केला तर रात्रीचं एक आणि जेवणाची दोन, अशी तीन पेनं चौदा दिवसांना पुरत होती. पुतण्या फोनवर म्हणाला, “काकी, दुप्पट घ्या आणि दोन ठिकाणी ठेवा.” माझे वडीलही पगार दोन खिशांत ठेवत. सहा पेनं घेतली. तीन तिच्या पर्समध्ये, तीन माझ्या झोळीत. विमानात सगळी हातातल्या सामानात, कारण पोटातल्या सामानाला वाटेत गारठा लागू शकतो आणि ते हरवलं तर औषधही गेलं. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत होतीच, आणि तीत औषधाचं मूळ नाव लिहून घेतलं होतं. कंपनीचं नाव देशागणिक बदलतं, मूळ नाव बदलत नाही.

जहाजावरच्या खोलीत एक छोटं कपाट होतं. दिसायला फ्रीज, पण काम सरबत जरा थंड ठेवण्यापुरतं. मुलीने दिलेला छोटा तापमापक आत ठेवला, तर तासाभराने चौदा अंश. न उघडलेलं इन्सुलिन दोन ते आठ अंशांत ठेवायचं, हे मला पाठ. माझा धीर सुटला. खोली आवरणारा इंडोनेशियाचा मुलगा होता, फार गुणी. त्याला मी माझ्या वाट्याची तीन पेनं डब्यात घालून दिली आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, “एकदम थंड जागी ठेव. जितकी थंड तितकी बरी.”

चूक इथे झाली, आणि ती माझी. त्या मुलाने सांगितलं तेच केलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही पिनांग पाहून संध्याकाळी परतलो, तर डबा मेजावर. झाकणाच्या आत बर्फाचा पांढरा थर. पेनातलं औषध अर्धं गोठलेलं, अर्धं सुटत आलेलं. मी म्हटलं, “विरघळेल की तासाभरात. नवी पेनं आहेत, पैसे पडलेत.” बायको म्हणाली, “अहो, तुम्ही कविता लिहा. हे माझ्या पोटात जायचं आहे.” आम्ही जहाजाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पेनं हातात घेतली आणि एकच विचारलं, “गोठली होती का?” हो म्हटल्यावर तिन्ही टाकून दिली. एकदा गोठलेलं इन्सुलिन पुन्हा पातळ झालं, तरी त्याच्या गुणाची खात्री देता येत नाही. कधी त्यात कण दिसतात, कधी ते अगदी निर्मळही दिसतं. आम्हाला यायला आणखी दोन तास उशीर झाला असता, तर बर्फ वितळून डबा पुसल्यासारखा कोरडा झाला असता आणि बायकोने ते निर्धास्तपणे टोचून घेतलं असतं. मग साखर चढत गेली असती, आणि आम्ही जहाजावरच्या जेवणाला दोष देत बसलो असतो.

खरी गंमत डॉक्टरांनी पुढे सांगितली. वापरायला काढलेलं पेन बहुतेक प्रकारांत साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानात, म्हणजे पंचवीस ते तीस अंशांच्या खाली, चालतं. नेमके दिवस आणि अंश त्या त्या पेनाच्या माहितीपत्रकात छापलेले असतात. आमची सफर चौदा दिवसांची आणि खोली वातानुकूलित. म्हणजे फ्रीजची गरजच नव्हती! उष्णतेला भिऊन मी औषध थंडीच्या तोंडी दिलं होतं.

हे ऐकून मला माझी फुफी, म्हणजे आत्या, आठवली. १९८०च्या दशकात गावात तिच्या घरी फ्रीज नव्हता. इन्सुलिनची काचेची कुपी स्टीलच्या डबीत, डबी माठात. काचेची सिरिंज उकळून घ्यायची. आम्ही पोरं हसायचो. पुढे २०२१ साली डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स आणि जिनिव्हा विद्यापीठ यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. केनियातल्या दागाहाले इथल्या निर्वासितांच्या छावणीत घरांमधलं तापमान दिवसरात्रीत पंचवीस ते सदतीस अंशांमध्ये वरखाली होतं. तशा चढउतारात चार आठवडे ठेवलेलं इन्सुलिन थंड ठेवलेल्याइतकंच परिणामकारक आढळलं. याचा अर्थ माहितीपत्रक फेकून द्या असा नाही. पण फुफी अडाणी नव्हती, एवढं मी आता कबूल करतो.

आता उरली होती बायकोच्या पर्समधली तीन पेनं. ती जपायची होती. खोलीत चिंता नव्हती, चिंता किनाऱ्यावर उतरल्यावर. तिच्याजवळ पाण्यात भिजवायची कापडी पिशवी होती. आतले दाणे पाणी पिऊन फुगतात, ते पाणी हळूहळू उडून जातं आणि आत गारवा राहतो. आपल्या माठाचंच शास्त्र. पण पावसाळ्यात माठातलं पाणी गार होत नाही, तसंच हिचंही. दमट हवेत ती सुस्तावते. आणि चेनच्या पर्समध्ये कोंबली तर वारा लागत नाही, मग कामच करत नाही. फुकेतला हे ध्यानात आलं, तेव्हापासून बायको ती खांद्यावर उघडी अडकवू लागली. कोलंबोत गाइड म्हणाला, सामान बसमध्येच राहू द्या, बसला कुलूप असतं. उन्हात बंद उभ्या असलेल्या बसचा कसा तंदूर होतो, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. आम्ही पिशवी घेऊन उतरलो.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट बजावली, ती भारतीयांनी जरूर ऐकावी. आपल्याकडे कुपीतलं इन्सुलिन बरेचदा एका मिलीलिटरला चाळीस युनिट असतं आणि सिरिंजवरच्या खुणाही त्याच मापाच्या. बाहेर सर्रास शंभर युनिटचं मिळतं. पेनं संपली म्हणून परक्या बंदरात कुपी घेतली आणि आपल्या घरच्या सिरिंजने टोचली, तर जवळजवळ अडीचपट औषध अंगात जाईल. सिरिंज त्या कुपीच्याच मापाची घ्यायची. सगळी इंजेक्शनं इन्सुलिनसारखी सोशीक असतात असंही नाही. काही फ्रीजबाहेर थोडेच दिवस टिकतात. अशांसाठी आरक्षण करतानाच जहाज कंपनीला लेखी कळवून औषधाचा फ्रीज मागून घ्यावा, आणि त्यात किती अंश असतात तेही विचारावं. ‘थंड’ हा शब्द माझ्यासारखा मोघम वापरू नये.

जहाज पश्चिमेकडे जातं तशी घड्याळं मागे घ्यावी लागतात. सिंगापूर ते दुबई चार तासांचा फरक. रात्रीचा डोस कधी घ्यायचा, ते बायकोने निघण्याआधीच डॉक्टरांकडून कागदावर लिहून घेतलं होतं. तो कागद आरशाला चिकटवलेला असे. वापरलेल्या सुया खोलीच्या कचऱ्यात टाकायच्या नाहीत, म्हणून त्या मुलाने एक जाड पिवळा डबा आणून दिला. तीन पेनं वाया गेली हे कळल्यावर तो रडवेला झाला होता. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, “बाबा, शब्द माझे होते.” पुढे रोज सकाळी तो विचारी, “मॅडम शुगर ओके?”

पेनं पुरली असती, तरी जवळ जादा असावीत म्हणून मुंबईला जहाज लागलं त्या दिवशी मुलीला बोलावलं होतं. बॅलार्ड पिअरच्या ग्रीन गेटबाहेर ती उभी, हातात आइस्क्रीमचा मोठा डबा, त्याला बाहेरून टॉवेल गुंडाळलेला. दोन महिन्यांनी मायलेकी भेटत होत्या. बायकोने तिला जवळ घेण्याआधी डबा घेतला, झाकण उघडून बोट आत घातलं आणि विचारलं, “बर्फ पेनांना लागून तर ठेवला नाहीस ना?”

“नाही गं आई, मध्ये रुमालाच्या चार घड्या आहेत,” मुलगी म्हणाली. मग गळाभेट झाली.