काळाविषयी बोलणारी दोन जॅझ गाणी

जॅझ गायकांच्या ओठी रुळलेली कितीतरी गाणी मुळात ब्रॉडवेच्या रंगभूमीवरची. वरवर ती प्रेमगीतं. पण त्यांत काळाविषयीचं खोल चिंतनही सापडतं.

हर्मन हपफेल्ड यांनी १९३१ साली ‘ॲज टाइम गोज बाय’ लिहिलं. १९४२च्या ‘कॅसाब्लांका’ या चित्रपटाने ते जगभर पोहोचवलं, पण त्याचं सुरुवातीचं कडवं चित्रपटात आलं नाही. त्या कडव्यात चक्क आइनस्टाइन आणि चौथी मिती आहे. नव्या शोधांच्या वेगाने माणूस शिणतो, तेव्हा प्रेमासारख्या साध्या, न बदलणाऱ्या गोष्टीच त्याला आधार देतात, असा या कडव्याचा विचार.

‘सप्टेंबर साँग’ १९३८चं. शब्द मॅक्सवेल अँडरसन यांचे, संगीत कुर्ट वाइल यांचं. उतारवयातला प्रियकर आयुष्याकडे वर्षाच्या महिन्यांसारखं पाहतो. दिवस थोडे उरले, म्हणूनच ते मोलाचे, हे त्याला उमगलेलं आहे.

एक गाणं टिकणाऱ्यावर श्रद्धा ठेवतं, दुसरं सरणाऱ्याचं मोल जाणतं. ही गाणी जरूर ऐका, आणि सुरांइतकंच शब्दांकडेही लक्ष द्या.