घराचे हप्ते

१९७७ मध्ये हसमुखभाई पारेख यांनी गृहकर्जासाठी स्वतंत्र संस्था उभी केली. तोपर्यंत आपल्याकडील नोकरदार माणूस बहुधा निवृत्तीच्या वेळी मिळणाऱ्या रकमेतूनच घर बांधू शके. आज तो तिशी-पस्तिशीत स्वतःच्या घरात राहावयास जाऊ शकतो, आणि पुढे वीस वर्षे त्याची किंमत फेडीत राहतो.

या फेडीचे गणित जाणून घेणे अगत्याचे आहे. कर्ज १० लाखांचे, व्याज ९ टक्के, मुदत २० वर्षे असेल, तर मासिक हप्ता सुमारे ९,००० रुपये होतो. पहिल्या हप्त्यातील ७,५०० रुपये व्याजातच जातात. मुद्दल फिटते अवघे दीड हजार. परंतु आरंभापासून दरमहा आणखी १,००० रुपये भरले आणि व्याजदर तोच राहिला, तर हे कर्ज सुमारे साडेपंधरा वर्षांत फिटते.

हे हजार रुपये येतात कोठून? बहुधा स्वयंपाकघरातून. बंगालमधील गृहिणी दुध्याच्या सालींचीही भाजी करते, जुन्या साड्यांची कांथा शिवते. काटकसरीचे गुणगान करणारे आम्ही पुरुष मात्र आपल्या चहा-सिगारेटचा हिशेब क्वचितच ठेवतो! घरातील एकाच व्यक्तीच्या ताटातून होणाऱ्या बचतीला काटकसर म्हणणे मला तरी जमत नाही.

आणि कृतज्ञता? बँक आपल्याला जो पैसा देते, तो पुष्कळसा ठेवीदारांचा असतो. कोणा निवृत्त शिक्षकाने पोटाला चिमटा घेऊन ठेवलेली मुदतठेव आपल्या भिंतींत असू शकेल. त्याच्या औषधपाण्याला लागणारे व्याज आपल्यासारख्यांच्या हप्त्यांतूनच त्याच्याकडे जात असते.