शब्दांची पारख
(खेड्यांतील वाचनमंडळापुढें केलेलें भाषण)



शेतकरी पेरणीआधीं बीं निवडतो, सुतार लांकूड पारखतो, कुंभार माती चाळून घेतो. मग बोलतांना व लिहितांना तोंडाला येईल तो शब्द आपण कां वापरावा?

ही कांहीं नुसती हौस नव्हे. गहाणखतांत जमीन आपली राहते, खरेदीखतांत ती जाते. हा एका शब्दाचा फरक न उमगतां अंगठा उठविला, तर पिढ्यांचें वावर हातचें जातें.

शब्द वाढवावयाचे तर कोश पाठ करून भागत नाहीं, निबंध वाचावे. गोष्ट वाचतांना पुढें काय झालें म्हणून आपण धांवत सुटतों. निबंधांत लेखक एक विचार धरून पाऊल टाकतो. तेथें थांबून, हाच शब्द कां घातला, हें पाहतां येतें.

असे लेखक आपल्यांत झालेच नाहींत, असें कोणी म्हणेल तर तें खोटें. पुण्यांत जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेंत शिकलेल्या मुक्ता साळवे या मुलीचा, मांग-महारांच्या दुःखाविषयींचा निबंध १८५५ सालीं ‘ज्ञानोदयां’त छापून आला. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली. जोतीरावांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरा केला. त्यांत कुणब्याच्या घरादाराचें वर्णन कुणब्याच्याच बोलींत आहे. तें वाचलें म्हणजे कळतें कीं, वखर, पाभर, रुमणें हे आपल्या तोंडचे शब्द गांवढळ नव्हेत. जेथें जो शब्द नेमका बसतो, तेथें तोच चांगला.

यास खर्च नाहीं. रात्रीं जेवणें उरकल्यावर घरांतील एकानें, मुलीनें वाचलें तर उत्तमच, दोन पानें मोठ्यानें वाचावीं. बाकीच्यांनीं ऐकावें. अडलेला शब्द पाटीवर मांडावा, मागच्यापुढच्या वाक्यांवरून अर्थ काढावा, न निघाल्यास मास्तरांस विचारावा. दुसरे दिवशीं तोच शब्द आपल्या वाक्यांत घालून बोलावा. वापरला नाहीं तर तो कणगींतल्या बियाण्यासारखा किडून जातो.

चौदा-पंधरा वर्षांच्या मुक्तेजवळ पैसा नव्हता, सत्ता नव्हती; शब्द होते. त्यांच्या बळावर तिनें जगाला जाब विचारला. तो निबंध आज रात्रीं घरीं वाचून दाखवा, एवढेंच आमचें मागणें आहे.