गांजाची तपासणी : काय कळते, काय कळत नाही



विमान चालवणारा माणूस किंवा यंत्रावर हात ठेवणारा कामगार शुद्धीवर असलाच पाहिजे, याबद्दल दुमत होणार नाही. अमेरिकेत १९८६ साली राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी आदेश काढला आणि केंद्र सरकारच्या नोकरांची लघवी तपासण्याची वाट मोकळी झाली. आपल्याकडेही ३१ जानेवारी २०२२ पासून वैमानिकांची अशी तपासणी होते. प्रश्न असा, की गांजाच्या बाबतीत ही तपासणी नेमके काय सांगते?

तपासणीचे टप्पे दोन. पहिली झटपट चाचणी कधी कधी फसते. पूर्वी आयबुप्रोफेन या अंगदुखीच्या गोळीनेही ती फसत असे. ती उणीव पुढे दूर झाली. म्हणून दुसरी, सूक्ष्म यंत्रावरची चाचणी करतात. अमेरिकी सरकारच्या नियमाप्रमाणे तीत मिलिलिटरमागे १५ नॅनोग्रॅम अंश सापडावा लागतो. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग! ही चाचणी नीट केली तर सहसा चुकत नाही.

मग अडते कुठे? यंत्राला सापडतो तो नशा आणणारा पदार्थ नव्हे, तर शरीराने मोडून टाकलेला त्याचा अवशेष. गांजाचा अंश चरबीत मुरतो आणि सावकाश बाहेर पडतो. नशा काही तासांत उतरते. अवशेष मात्र क्वचित घेणाऱ्याच्या लघवीत काही दिवस, तर रोज घेणाऱ्याच्या लघवीत महिनाभरही सापडतो. हातावरची हळद लग्न झाल्याचे सांगते; लग्न आजच आहे, असे ती सांगत नाही. तसेच हे.

आता शिमग्याला भांग घेतलेल्या माणसाचा विचार करा. १९८५ च्या कायद्यातील गांजाच्या व्याख्येत नुसती पाने येत नाहीत. पण भांग त्याच झाडाची. यंत्राला हा भेद कळत नाही. उलट, नुकताच झुरका मारलेल्याच्या लघवीत अवशेष उतरायला वेळ लागतो, आणि तो सुटूही शकतो.

म्हणूनच कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२४ पासून, काही कामे वगळता, निव्वळ अशा अवशेषावरून नोकराला काढता येत नाही.

तपासणी टाकाऊ नाही. पण एका कागदावरून कुणाच्या पोटावर पाय देण्यापूर्वी दुसरी चाचणी झाली का, डॉक्टरांनी विचारपूस केली का, आणि तो माणूस कामावर कसा वागत होता, हे पाहिलेच पाहिजे. यंत्र अंश मोजते. न्याय माणसानेच करायचा असतो.